ॲब्सर्ड सिनेमात माणसं कुठली आहेत, याने खरंच फरक पडतो का?

अवनी_क

प्रश्न सरळच विचारते. ज्या सिनेमात माणसांची बोटं सॉसेजसारखी लोंबतात, आचाऱ्याच्या टोपीत दडलेला रकून त्याचे केस ओढून त्याच्याकडून स्वयंपाक करून घेतो आणि आई-मुलगी दोन दगड होऊन कड्यावर बसतात, त्या सिनेमातलं कुटुंब चिनी आहे की आणखी कुठलं, याने काही फरक पडतो का?

सिनेमा ओळखला असेलच. 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स', २०२२ चा. अमेरिकेत लाँड्री चालवणाऱ्या एका चिनी आईला त्यात समांतर विश्वांतून फिरावं लागतं, आणि प्रत्येक विश्वात ती वेगळी असते. आम्ही काही जण ठरवून एकत्र सिनेमे बघतो आणि नंतर त्यावर बोलतो. या वेळी बोलणं पार भांडणाच्या काठाला गेलं. एका मित्राचं म्हणणं असं, की ॲब्सर्ड विनोदात कार्यकारणालाच सुट्टी असते. जिथे कशाचा कशाशी मेळ नाही, तिथे वंश आणि भाषा मोजत बसलं की सिनेमा बाजूला राहतो आणि जनगणना सुरू होते. गोष्ट थकलेल्या आईची आहे, ती कुठल्याही घरात घडली असती, चिनीपण हा वरून दिलेला रंग आहे. दुसऱ्याचं म्हणणं त्याहून कडवट होतं. अकादमीने वैविध्याचे नियम आणले, म्हणून या सिनेमाला सात ऑस्कर मिळाली, असं तो म्हणाला.

मला दोन्ही पटलं नाही. का पटलं नाही ते नीट मांडता यावं म्हणून इथे लिहिते आहे.

माझ्या मनात बसलेला भाग सुरुवातीचा आहे, आणि त्यात ॲब्सर्ड असं काहीच नाही. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावरचं घर. टेबलावर पावत्यांचा ढीग, कारण कर खात्याच्या तपासणीला जायचं आहे. आई, एव्हलिन, नवऱ्याशी मँडरिनमध्ये बोलते, नुकत्याच आलेल्या वडिलांशी कँटोनीजमध्ये, मुलीशी इंग्रजीत, आणि घाईला आली की सगळ्या भाषा एकमेकींत मिसळतात. मुलगी जॉय आपल्या प्रेयसीची, बेकीची, आजोबांशी ओळख करून द्यायला जाते. तिला आजोबांच्या भाषेत ते धड सांगता येत नाही. ती अडखळते, आणि तेवढ्यात एव्हलिन मध्ये पडून 'ही जॉयची चांगली मैत्रीण' असं सांगून मोकळी होते. त्या क्षणी जॉयच्या चेहऱ्याकडे बघा.

पुढे हीच जॉय विश्वंच्या विश्वं उधळणारी जोबू टुपाकी होते, जगातलं झाडून सगळं एका बेगलवर, म्हणजे मध्ये भोक असलेल्या गोल पावावर, रचते. तिच्या संतापाचं मूळ मला त्या एका मोडलेल्या ओळखीत दिसलं. ते घर दुसरं असतं, आजोबांची आणि नातीची भाषा एकच असती, तर हा संताप असाच राहिला असता का?

ज्यांनी पाहिला आहे त्यांनी मोकळेपणी लिहा, शेवट उघड झाला तरी चालेल. मला विशेष करून हे जाणून घ्यायचं आहे: ॲब्सर्ड विनोदाला प्रतिनिधित्वाची गरज असते, की त्या विनोदात ते विरघळून जातं?

जुना_प्रोजेक्टर

सिनेमा मला मनापासून आवडला, हे आधी सांगतो. तरी तुमच्या पहिल्या मित्राची बाजू घेणार आहे.

डॅनियल क्वान आणि डॅनियल शाइनर्ट या दिग्दर्शकद्वयीने मुख्य भूमिका आधी जॅकी चॅनला डोळ्यांसमोर ठेवून लिहायला घेतली होती. मग विचार बदलला आणि नायकाची नायिका झाली. एवढा बदल पोटात घेऊनही गोष्ट उभी राहिली. म्हणजे तिचा गाभा पात्राच्या ओळखीत नाही, त्याच्याही खाली कुठेतरी आहे.

दुसरा मुद्दा दगडांचा. चेहरा नाही, आवाज नाही. पडद्यावर नुसती अक्षरं आणि वारा. तिथे चिनी कोण, अमेरिकन कोण, बाई कोण? आणि मी सर्वांत जास्त हललो तो तिथेच. ओळख पूर्ण पुसली गेली तिथे सिनेमा सर्वांचा झाला. यापेक्षा मोठा पुरावा मला सुचत नाही.

प्रतिनिधित्वाच्या चर्चेत नट मागे पडतो, याची मला खरी काळजी वाटते. एव्हलिन झालेली मिशेल यो ही फार मोठी अभिनेत्री आहे. १९८० च्या दशकापासून हाँगकाँगच्या सिनेमांत तिने जिवावर उदार होऊन स्वतः स्टंट केले. तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळवणारी 'पहिली आशियाई' या बिरुदात बसवलं की ती पडद्यावर नेमकं काय करते आहे हे बघायचं राहून जातं. एव्हलिन एका विश्वातून दुसऱ्या विश्वात जाते तेव्हा ती खांदे कसे बदलते, ते पाहा. कपडे न बदलता ती बाई बदलते. चर्चा त्याची व्हायला हवी.

तळओळ

अवनी, तुझा प्रश्न माझ्या कामाच्या फार जवळचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी सबटायटल लिहिते. विनोदी सिनेमा हातात आला की पहिल्यांदा हेच ठरवावं लागतं, की हसायचं नेमकं कोणाला आहे.

ॲब्सर्ड विनोदाला एक सामान्य माणूस लागतोच. जग वेडंवाकडं झालंय हे आपल्याला त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. त्याचं घर, त्याची नोकरी, त्याची रोजची कटकट प्रेक्षकाने 'हो, असंच असतं' म्हणून न समजावता स्वीकारायची, तरच पुढचा वेडेपणा वेडेपणा वाटतो. आता हॉलीवूडमध्ये हा सामान्य माणूस पिढ्यानपिढ्या कोण होता? गोरा, आणि बहुतेक वेळा पुरुष. बाकीचे सगळे वेडेपणाच्या बाजूला. विचित्र शेजारी, विचित्र उच्चार, विचित्र जेवण. चिनी माणूस अमेरिकन विनोदात पहिल्यापासून होता, भरपूर होता. पण गंमत म्हणून होता. आपल्याकडच्या विनोदी नाटकांतला रामा गडी आठवा. तो दर अंकात असायचा, पण नाटक त्याचं कधीच नसायचं.

एव्हलिनची लाँड्री पडद्यावर आली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण या इतिहासाच्या अगदी मधोमध लाँड्रीच आहे. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत यायला बंदी झाली, आणि ते बंदीचे कायदे १९४३ मध्ये रद्द झाले. जे आधीच तिथे होते त्यांना बरेचसे धंदे बंद होते. धुलाई हा त्यातल्या त्यात करू दिलेला धंदा. तोही सुखाने नाही. सॅन फ्रान्सिस्कोत लाकडी इमारतीत लाँड्री चालवायला परवानगी लागेल असा नियम झाला, आणि चिनी अर्जदारांना ती नाकारत, इतरांना देत गेले. यिक वो खटल्यात १८८६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा पक्षपात घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर आठच वर्षांनी, १८९४ मध्ये, सिनेमा ही गोष्ट अजून धड जन्मलीही नव्हती तेव्हा, एडिसनच्या स्टुडिओत चिनी लाँड्रीवर एक विनोदी फिल्म निघाली. पोलीस मागे, लाँड्रीवाला पुढे, नुसती पळापळ आणि कसरती. त्यात काम करणारे होते ते चिनी वेष चढवलेले रंगमंचावरचे कलाकार. पडद्यावरच्या अगदी पहिल्या विनोदांमध्ये हा बसतो.

आणि सव्वाशे वर्षांनी लाँड्री चालवणारी चिनी बाई सगळ्या विश्वांच्या मध्यभागी उभी राहते. तिच्या लाँड्रीत हसण्यासारखं काही नाही. कपडे आहेत, थकबाकी आहे, गिऱ्हाइकं आहेत, सणाच्या पार्टीची तयारी आहे. हसण्यासारखं आहे ते बाहेरचं जग. दिग्दर्शकांच्या डोक्यात ती जुनी फिल्म होती असा माझा दावा नाही. पण तो धंदा निवडला की त्याच्याबरोबर हा सगळा इतिहास येतोच. क्वानच्या स्वतःच्या घरात आईकडून तैवान आणि वडिलांकडून हाँगकाँग आहे. ज्या माणसाने असं घर आतून पाहिलंय, त्याला भाषांची ती सरमिसळ समजावून सांगायची गरज वाटत नाही. तो ती नुसती ठेवून देतो. ऐकताना ज्याला मँडरिन आणि कँटोनीजमधला फरक कळतो त्याला एक सिनेमा दिसतो, ज्याला कळत नाही त्याला थोडा कमी. पूर्वी हे नेहमी उलट असायचं.

मधली वर्षंही बघा. 'द गुड अर्थ' १९३७ चा. चीनमधल्या शेतकरी कुटुंबाची गोष्ट. एव्हलिनसारखंच त्यांचंही आडनाव वांग. नायक म्हणून पॉल म्युनी हा गोरा नट ठरला. हेज संहिता, म्हणजे हॉलीवूडने स्वतःवर घालून घेतलेली सेन्सॉरची नियमावली. तिच्याप्रमाणे पडद्यावर भिन्नवंशीय जोडपं चालत नसे, त्यामुळे त्याच्या बायकोचं काम चिनी नटीकडे जाणं अशक्य झालं. ॲना मे वाँग ही त्या काळातली सर्वांत गाजलेली चिनी-अमेरिकन अभिनेत्री, तिला ती भूमिका मिळाली नाही. ती लुइझी रायनरने केली आणि तिला ऑस्कर मिळालं. वाँगचा चेहरा अमेरिकेच्या पाव डॉलरच्या नाण्यावर आला तो २०२२ मध्ये, म्हणजे हाच सिनेमा आला त्या वर्षी.

विनोदात तर आणखी बिनधास्त कारभार. १९६८ च्या 'द पार्टी'मध्ये पीटर सेलर्स चेहऱ्याला तपकिरी रंग फासून भारतीय झाला. तो असामान्य नट होता, त्या सिनेमातल्या काही जागा खरोखर हसवतात. पण त्याच्या उच्चारावर येणारं हसू मला आजही बोचतं, कारण तो उच्चार ज्यांचा आहे त्यांच्यापैकी कोणाला तेव्हा हॉलीवूडच्या विनोदी सिनेमात मुख्य भूमिका मिळत नव्हती.

हे सगळं स्वतः अनुभवलेला माणूस आपल्या सिनेमात आहे. आजोबा झालेले जेम्स हाँग. जन्म १९२९ चा, १९५० च्या दशकापासून हॉलीवूडमध्ये. मिळायच्या त्या साचेबंद भूमिका. म्हणून १९६५ मध्ये त्यांनी इतर आशियाई-अमेरिकन कलाकारांबरोबर लॉस एंजेलिसमध्ये ईस्ट वेस्ट प्लेअर्स ही नाट्यसंस्था उभी केली. २०२३ मध्ये स्क्रीन ॲक्टर्स गिल्डचं पारितोषिक या सिनेमाच्या सगळ्या नटसंचाला मिळालं, तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या हाँगनी व्यासपीठावरून सांगितलं, की पूर्वी गोरे नट डोळे चिकटपट्टीने ताणून आशियाई माणसं रंगवायचे, कारण आशियाई नटांवर तिकिटं खपणार नाहीत असं निर्माते म्हणायचे. या सिनेमाचा जगभरातला गल्ला दहा कोटी डॉलरच्या पुढे गेला.

प्रोजेक्टरजी, आता तुमचे मुद्दे.

जॅकी चॅन काय किंवा मिशेल यो काय, घर चिनीच राहणार होतं. बदललं ते दुसरंच काही, आणि त्याने सिनेमा पार बदलला. पुरुष मध्यभागी असता तर लढणारा नवरा आणि समजूत काढणारी बायको हे ओळखीचं चित्र तयार होतं. बाई मध्यभागी आली आणि हळवेपणा, मिटवामिटवी, पिशवीवर गमतीचे डोळे चिकटवणं हे सगळं तिच्या नवऱ्याकडे, वेमंडकडे गेलं. अमेरिकन सिनेमातला आशियाई पुरुष एक तर खलनायक, नाही तर कुंगफूवाला, नाही तर टिंगलीचा. इथे तो दयाळू आहे, आणि दयाळूपणा हीच त्याची लढायची रीत आहे. त्याला कमरेच्या पट्ट्याच्या पिशवीने मारामारीही करता येते, ते निराळं.

त्या भूमिकेत के हुय क्वान आहे. १९८४ मध्ये इंडियाना जोन्सच्या 'टेम्पल ऑफ डूम'मध्ये नायकाच्या मागेमागे धावणारा तो लहान मुलगा. आपल्याला तो सिनेमा आठवतो अमरीश पुरींच्या मोला रामसाठी आणि त्या किळसवाण्या मेजवानीसाठी, ज्यात भारतीय राजवाड्यात माकडाचा मेंदू वाढतात. पटकथेवरून भारत सरकारशी जमलं नाही आणि चित्रीकरण श्रीलंकेत झालं. त्या एका सिनेमात भारतीय भयंकर होते आणि व्हिएतनामहून आलेला चिनी मुलगा गोड होता. सामान्य माणूस म्हणून दोघांपैकी कोणालाच जागा नव्हती. तो मुलगा मोठा झाला आणि भूमिका येईनाशा झाल्या. त्याने सिनेमाचं शिक्षण घेतलं, मारामारीच्या दृश्यांच्या आखणीत मदतनीस झाला, हाँगकाँगचा दिग्दर्शक वाँग कार-वाई याच्या हाताखाली सहायक दिग्दर्शन केलं. वेमंड श्रीमंत उद्योजक झालेल्या विश्वात पावसाने ओल्या गल्लीत तो एव्हलिनशी बोलतो, त्या प्रसंगाची प्रकाशयोजनाच वाँग कार-वाईच्या वळणाची आहे. तिथे नट आणि त्याचं आयुष्य मला वेगळं काढता येत नाही. तुम्ही नटाचं काम बघा म्हणता, ते अगदी मान्य. मी म्हणते, ते काम असं पूर्ण दिसायला हे सगळं माहीत असावं.

आणि दगड. हेच दोन दगड सिनेमाच्या पहिल्या मिनिटाला दाखवले असते तर कोणी हललं नसतं. तोवर आपण त्या दोघींबरोबर इतका वेळ काढलेला असतो की एक दगड दुसऱ्याच्या मागे घरंगळायला लागतो तेव्हा आई कोणती हे सांगावं लागत नाही. ओळख पुसलेली नाही. ती इतकी पक्की झाली आहे की आता चेहऱ्याशिवायही चालतं.

ऑस्करच्या नियमांबद्दल थोडक्यात. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी वैविध्याचे निकष पूर्ण करणं सक्तीचं झालं ते २०२४ च्या सोहळ्यापासून. या सिनेमाला अकरा नामांकनं आणि सात पुरस्कार मिळाले ते मार्च २०२३ मध्ये. तुझ्या दुसऱ्या मित्राला एवढं सांग.

अवनी_क

तळओळ, मनापासून आभार. 'सामान्य माणूस कोण' हे सूत्र माझ्या हाती नव्हतं. आता सुरुवातीचा भाग इतका साधा का ठेवलाय तेही कळतं.

एक भर घालते. विश्व बदलायला त्या सिनेमात काहीतरी अत्यंत अशक्य, लाजिरवाणं करावं लागतं. ओठांना लावायची कांडी खा, बूट उलट्या पायांत घाला, ज्या अधिकाऱ्याची भीती वाटते तिच्यावर प्रेम आहे असं तिला सांगा. एव्हलिनला हे जमायला फार वेळ लागतो. ज्या बाईचं सगळं आयुष्य परक्या देशात चारचौघांत हसं होऊ नये म्हणून जपण्यात गेलं, तिच्यासाठी ही खरीच अवघड परीक्षा आहे. ज्याला मूर्खपणा करणं नेहमीच परवडत आलंय त्याच्यासाठी ती परीक्षा ठरलीच नसती. शेवटी पार्टीत ती आपल्या वडिलांना बेकी कोण आहे ते खरंखरं सांगते, तेही मला याच यादीतलं वाटतं, आणि सर्वांत कठीण.

प्रोजेक्टरजी, दगडांवर तुमचं उत्तर वाचायला आवडेल.

कोमल_टी

एक वेगळी बाजू मांडते, कारण ती माझी आहे. मला तिशीनंतर एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी टिकू न देणाऱ्या अवस्थेचं, निदान झालं.

एव्हलिनच्या पात्राची तयारी करताना डॅनियल क्वान एडीएचडीबद्दल वाचायला लागला आणि वाचता वाचता त्याला ते स्वतःतच दिसलं. पुढे त्याला निदानही झालं. हे त्याने उघडपणे सांगितलं आहे. सिनेमात मात्र हा शब्द कुठेही येत नाही. कोणी डॉक्टर येऊन समजावत नाही. तरीही मला पहिल्या काही मिनिटांत कळलं, की ही बाई माझ्यासारखी आहे. पावत्या अर्ध्या लावलेल्या, तेवढ्यात भिंतीला रंग, तेवढ्यात गिऱ्हाईक, नवरा काही सांगतोय ते कानावर पडतंय पण पोचत नाही.

कर खात्यातला तो प्रसंग आठवा. अधिकारी विचारते की लाँड्रीच्या खर्चात कॅरिओकेचं यंत्र कसं आलं. मग एकेक बाहेर निघतं: गायिका व्हायचं होतं, कादंबरीकार, आचारी, शिक्षिका. तिथे ते हास्यास्पद वाटतं आणि मला तिथे रडू आलं. अर्धवट सोडलेल्या गोष्टींची यादी दुसऱ्याने मोठ्याने वाचून दाखवली की कसं वाटतं, ते मला ठाऊक आहे. आणि पुढे काय होतं? त्याच अर्धवट गोष्टी एकेक विश्व होऊन तिच्या मदतीला येतात. गायिका एव्हलिनचा श्वास, आचारी एव्हलिनचे हात. इतकी विखुरलेली आहे म्हणूनच तिला सगळीकडे जाता येतं. तिला शोधत आलेला दुसऱ्या विश्वातला वेमंड हेच तिला सांगतो, की सगळ्या एव्हलिनमध्ये तू सर्वांत अपयशी आहेस, म्हणून तुझ्यातच सगळ्या शक्यता शिल्लक आहेत.

संकलनाचं ऑस्कर पॉल रॉजर्सना मिळालं. ज्यांना तो वेग असह्य झाला ते मला म्हणतात की सिनेमा दमवतो. दमवतोच. माझ्या डोक्यात तो रोज चालतो. म्हणून माझं उत्तर असं, की प्रतिनिधित्व चेहऱ्यांपुरतं धरू नका. इथे ते सिनेमा कापण्याच्या पद्धतीत आहे, आणि ॲब्सर्ड ढंगाशिवाय ते दाखवता आलं नसतं.

जुना_प्रोजेक्टर

कोमल, हे वाचून सिनेमा पुन्हा बघणार आहे.

तळओळ, लाँड्रीचा धागा जबरदस्त आहे आणि दगडांबद्दलचं तुमचं म्हणणं मी मनात घोळवतो आहे. चेहरा नसताना ओळख पक्की, हे मान्य केलं तरी माझ्या मते प्रेक्षक तिथे आपल्याच आईला बघतो. त्यासाठी एव्हलिन त्याला पुसट व्हावी लागते. यावर आपलं एकमत होईलसं दिसत नाही.

पण तुमचंच सूत्र तुमच्याच सिनेमाला लावतो. लाँड्रीत कुत्रा घेऊन येणारी ती गिऱ्हाईक बाई आठवते? जेनी स्लेटने केलेली. पुढे ती त्या कुत्र्यालाच हत्यारासारखा फिरवते. चित्रपटगृहातल्या श्रेयनामावलीत त्या पात्राचं नाव तिच्या मोठ्या नाकावरून ठेवलं होतं. गोऱ्या माणसाला नाकावरून संबोधणं चिनी घरांत रुळलेलं असेलही. पण अभिनेत्री ज्यू आहे, आणि ज्यूंची टिंगल करणाऱ्या व्यंगचित्रांत नाकाचं काय केलं गेलं हे सर्वांना ठाऊक आहे. टीका झाली आणि नंतर घरी बघायच्या आवृत्तीत ते नाव 'डेबी द डॉग मॉम' केलं गेलं. म्हणजे केंद्र बदललं, तरी कडेला कोणीतरी गंमत म्हणून उरलंच. याचं काय करायचं?

तळओळ

हा आक्षेप खरा आहे. नाव बदललं ते योग्यच केलं.

त्या बाईला सिनेमात स्वतःचं असं काहीच मिळत नाही, दोष तिथे आहे. कर अधिकारी डिअर्ड्राशी तुलना करा. तीही आधी निव्वळ टिंगलीचा विषय आहे: फायली, अवघडलेली चाल, तपासणीतल्या कामगिरीबद्दल मिळालेली ती चमत्कारिक आकाराची बक्षिसं. पण नंतर ती एव्हलिनशेजारी बसून आपल्या घटस्फोटाबद्दल बोलते, आणि सॉसेजच्या बोटांच्या त्या विश्वात एव्हलिन आणि ती एकमेकींवर प्रेम करतात. पायांनी पियानो वाजवणारी ती डिअर्ड्रा बघताना सुरुवातीचं हसू थांबतं. ज्याच्यावर हसलो त्याच्या घरात सिनेमा एकदा तरी शिरतो का, हे मी प्रत्येक विनोदी सिनेमात बघते. इथे तो बहुतेकांच्या घरात शिरतो, अगदी रकूनवाल्या आचाऱ्याच्याही. कुत्रावाल्या बाईच्या घरात शिरत नाही.

'पहिली आशियाई' या बिरुदाबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यावर आपल्याशी जोडलेली एक गोष्ट सांगायची राहिली. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन मर्ल ओबेरॉनला १९३५ च्या 'द डार्क एंजल'साठी मिळालं होतं. तिचा जन्म १९११ चा, मुंबईतला, आईकडून दक्षिण आशियाई वंशाची. हॉलीवूडमध्ये तिने आपला जन्म टास्मानियात झाल्याचं सांगितलं आणि मूळ आयुष्यभर लपवलं, कारण ते उघड झालं असतं तर नायिकेच्या भूमिका बंद झाल्या असत्या. मिशेल यो मलेशियातल्या इपोहची, आणि तिने ते कधी लपवलं नाही. हे बिरुद तुम्हाला अभिनयाच्या आड येणारं वाटतं. मला त्यात ओबेरॉनसारख्या अभिनेत्रीने मोजलेली किंमत दिसते.

आणि खटकण्याच्याच गोष्टी निघाल्या आहेत तर माझीही एक. जॉय आणि जोबू दोन्ही करणाऱ्या स्टेफनी शूला नामांकन मिळालं, पण सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर त्याच सिनेमात डिअर्ड्रा झालेल्या जेमी ली कर्टिसला गेलं. कर्टिसचं काम मला आवडतं, डिअर्ड्राबद्दल वर लिहिलंच आहे. पण त्या सिनेमातला सर्वांत कठीण भाग शूकडे होता. शर्ली कुराताने केलेले ते भडक पोशाख घालून विश्व संपवायला निघालेली जोबू, आणि पुढच्याच क्षणी लाँड्रीबाहेर गाडीपाशी उभी राहून आईला 'आता मला जाऊ दे' म्हणणारी थकलेली मुलगी. आवाजात जराही बदल न करता ती दोन्ही एकच असल्याचं पटवते. अवनी, तू ज्या चेहऱ्याकडे बघा म्हणालीस तो शूचाच. तुमच्या गटात पुढची चर्चा होईल तेव्हा तिच्या कामासाठी वेगळा वेळ ठेवा, आणि प्रोजेक्टरजींनी मिशेल योच्या खांद्यांबद्दल लिहिलंय तेही वाचून दाखवा.